देणाऱ्याच्या पश्चात

कोल्हापूरला दान नवीन नाही. देवळाच्या फरशीवर, तालमीच्या पायरीवर, शाळेतल्या वर्गाच्या दारावर, बागेतल्या बाकावर कोणाच्या तरी स्मरणार्थ कोणी तरी काही दिल्याचे कोरलेले असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर या शहराने आणि आसपासच्या खेड्यांनी एकमेकांसाठी भाकऱ्या थापताना कोणाचे नाव कुठे कोरायचे हा प्रश्नही काढला नाही. पण डोळ्यांदेखत, पावती घेऊन दिलेले दान वेगळे आणि आपण नसताना आपल्या मिळकतीतून घडावे म्हणून कागदावर मांडून ठेवलेले दान वेगळे. या दुसऱ्या प्रकारात आपण अजून कच्चे आहोत, असे माझे मत झाले आहे. त्यामागे कंजूषपणा नाही. आपण दानाचा विचार फक्त देणाऱ्याच्या बाजूने करतो. घेणाऱ्याला ते सांभाळता येईल का, हा हिशेब आपल्या मनात येतच नाही.

हे मत बनायला निमित्त माझ्या आत्तीचे. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, तिने लग्न केले नाही, आणि शिवाजी पेठेतले दुमजली घर तिने स्वतःच्या पगारातून बांधले. "माझ्या मागं हे घर पोरींच्या शिक्षणाला लागू दे, एवढं लिहून ठेव की," असे तिने मला सांगितले. मी बँकेत नोकरी केलेली असल्यामुळे घरातले सगळे कागद माझ्याकडेच येतात. हे काम एका पानाचे आहे असे तिला वाटत होते. प्रत्यक्षात तिची इच्छा आणि त्या इच्छेचा टिकेल असा दस्त यांच्यामध्ये पुष्कळ प्रश्न उभे होते, आणि त्यांतला पहिला प्रश्न मीच होतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर अविवाहित स्त्रीची मिळकत आईवडिलांच्या पश्चात वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे माझे वडील आणि काका हयात नसल्यामुळे ती आम्हा पुतण्यांकडे आली असती. ज्याचा वाटा जाणार तोच मजकूर सुचवतो आहे, हे उद्या कोणी न्यायालयात दाखवून दिले असते. वकिलांनी म्हणूनच मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितले आणि आत्तीचे म्हणणे तिच्याच तोंडून, तिच्याच शब्दांत उतरवून घेतले. मला तेव्हा थोडे चमत्कारिक वाटले, परंतु ती पद्धत योग्यच होती.

मृत्युपत्राचा दस्त हा कायद्यातला बहुधा सर्वांत साधा दस्त असावा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्ष द्यावी लागते. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि करणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे तोवर तो कितीही वेळा बदलता येतो. शेवटचा तो खरा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर हिंदूचे मृत्युपत्र रद्द होत नाही आणि त्याला मिळणारेही बुडत नाही, परंतु शंकेला जागा राहते. नोंदणी ऐच्छिक असली तरी वयस्कर आणि एकट्या माणसाने ती करावीच, असे मी म्हणेन, कारण दुय्यम निबंधकांसमोर स्वतः जाऊन केलेली सही पुढच्या अर्ध्या शंका तिथेच संपवते. मजकूर कोणाला कळू नये असे वाटत असेल तर बंद लखोट्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोयही नोंदणी कायद्यात १९०८ पासून आहे. तिचा उपयोग फार थोडे लोक करतात.

याउलट, लोकांचा भलत्याच कागदांवर विश्वास असतो. बँकेत मी हे वर्षानुवर्षे पाहिले. ठेवीवर नॉमिनी लावला म्हणजे ती रक्कम त्याला दिली, असे समजून माणसे निर्धास्त होतात. नॉमिनी ही रक्कम ताब्यात घेणारी व्यक्ती असते. ती त्या रकमेची मालक होत नाही, आणि शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितले. कुलमुखत्यारपत्राचेही तसेच, ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. आत्तीने तर देहदानाची इच्छाही मृत्युपत्रातच घालायला सांगितली होती. मृत्युपत्र बहुधा दिवसकार्य झाल्यावर उघडले जाते, त्यामुळे तो फॉर्म वेगळा भरून जवळच्या माणसांना आधीच सांगून ठेवावा लागतो, हे तिला पटले आणि तिने ते केलेही.

मग बक्षीसपत्राचा विषय निघाला. एका हितचिंतकाने तिला सांगितले होते की मृत्युपत्र मोडता येते, बक्षीसपत्र मोडता येत नाही, तेव्हा हयातीतच संस्थेच्या नावे घर करून टाका. यातला पहिला भाग खरा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे स्थावराचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते, ते घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावे लागते, आणि एकदा पूर्ण झाले की केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये इतके नाममात्र आहे, परंतु संस्थेला देताना ती सवलत तशी लागू होत नाही. "म्हणजे मी माझ्याच घरात पाहुणी?" असे आत्तीने विचारले. तसे अगदी नाही, कारण तहहयात राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क राखून ठेवून बक्षीसपत्र करता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा बक्षीसपत्राला वैध ठरवले आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे. ज्याचे एकच घर आहे आणि ज्याच्या म्हातारपणाचा खर्च अजून व्हायचा आहे, त्याने उद्देश कितीही थोर असला तरी परत न फिरणारा दस्त करू नये. दवाखान्याचे बिल भरायला घर विकावे लागले तर ते विकण्याचा अधिकार आपल्याच हातात असावा. आत्तीलाही तेच वाटत होते. फक्त तसे म्हणणे तिला स्वार्थीपणाचे वाटत होते.

तिसरा मार्ग म्हणजे न्यास. आपल्या नावाचा ट्रस्ट काढावा, ही कल्पना सुचली नाही असा निपुत्रिक आणि सुस्थितीतला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि बहुतेकांना मी तिच्यापासून परावृत्त करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची नोंदणी करणे हे तुलनेने सोपे काम आहे. त्यानंतरची वर्षे अवघड असतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, स्थावर विकायचे किंवा शेतीखेरीजची मिळकत ३ वर्षांहून अधिक भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मृत्युपत्रातूनच न्यास निर्माण केला असेल तर त्याच्या नोंदणीची जबाबदारी व्यवस्थापकावर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी नेमलेल्या आणि ज्याला सगळे एक्झिक्युटरच म्हणतात त्याच्यावर, मृत्यूनंतरच्या ठरावीक मुदतीत येऊन पडते. पहिले विश्वस्त मित्र असतात. दुसऱ्या पिढीत ते मित्रांची मुले असतात, आणि त्यांतली निम्मी पुण्यात किंवा परदेशात असतात. परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगत विश्वस्तांचीच नावे राहिलेली, बँकेत खाते असूनही सही करायला कोणी नाही, अशी अवस्था झालेले लहान न्यास कोणत्याही जिल्ह्यात सापडतील. एका घरासाठी हा सगळा संसार मांडण्यापेक्षा जी संस्था आधीपासून चालते आहे तिच्या हाती द्यावे, हे बरे.

चालणारी संस्था म्हणजे काय, हे समजण्यासाठी कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. दसरा चौकात आणि त्याच्या आसपास फिरले तरी पुरे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने आणि मदतीने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत समाजाचे वसतिगृह आणि १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. या वसतिगृहांचे कौतुक आपण सामाजिक न्यायाच्या अंगाने करतो आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यामागची व्यवहारदृष्टीही तितकीच महत्त्वाची वाटते. महाराजांनी जागा आणि इमारतींबरोबर अनुदानाची आणि उत्पन्नाची तजवीजही केली, आणि कारभार त्या त्या समाजातल्या जबाबदार माणसांवर सोपवला. जागा, तिला पोसणारे उत्पन्न आणि तिची काळजी वाहणारी माणसे, या तिन्हींचा विचार एकत्र झाला होता. देवस्थानांना जमिनी इनाम देणाऱ्या जुन्या लोकांनाही ही गोष्ट कळत होती. दिवाबत्तीला अमुक, नैवेद्याला अमुक, वाजंत्र्यांना अमुक अशी विभागणी सनदेतच असे. आज पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कारभाराखाली तीन हजारांहून अधिक देवळे आणि त्यांच्या जमिनी आहेत, त्या या अशा तरतुदींचाच विस्तार होत. आपण मात्र घर देतो आणि घरफाळा कोण भरणार याविषयी अवाक्षर लिहीत नाही. पेठेतल्या जुन्या घराचा घरफाळा, पाणीपट्टी, दर पावसाळ्यानंतरची गळती, जिन्याची डागडुजी आणि रात्री कुलूप लावणाऱ्या माणसाचा पगार हे सगळे त्या दानाबरोबरच संस्थेच्या गळ्यात पडते.

घर जसेच्या तसे देण्याचा एक चांगला नमुनाही शहरात आहे. चित्रकार आणि चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतला आपला बंगला आणि आपली चित्रे शासनाला दिली, आणि तिथे त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. तिथे घर आणि घराचा उपयोग एकमेकांपासून वेगळे नाहीत. चित्रे जिथे काढली गेली तिथेच ती पाहायला मिळावीत यात अर्थ आहे, आणि घेणाऱ्याकडे कर्मचारी नेमण्याची व्यवस्था आहे. आत्तीच्या घराचे तसे नव्हते. मुलींना राहायला सुरक्षित जागा हवी होती; ती याच घरात असावी, हा तिचा आग्रह मायेपोटी होता.

तो आग्रह सुटला तो एका साध्या भेटीने. ज्या शिक्षणसंस्थेला घर द्यायचे तिच्या मनात होते तिच्या कार्यालयात आम्ही गेलो आणि तुम्हाला हे चालेल का, असे विचारले. तिथल्या कारभाऱ्यांनी आदराने चहा दिला आणि स्पष्ट सांगितले, "बाई, घर चालवायला आमच्याकडे माणूस नाही. वसतिगृह म्हटलं की वॉर्डन आली, स्वच्छतागृहं आली, आगीची व्यवस्था आली. तुम्ही विकायची मुभा दिलीत तर त्या रकमेच्या व्याजावर तुमच्या नावानं मुली शिकतील." परतताना आत्ती गप्प होती. घरी आल्यावर मात्र ती म्हणाली, "बरं झालं, मी असताना विचारलं. नाहीतर माझं घर त्यांच्या उरावर बसलं असतं."

विचारून ठेवणे ही इतकी साधी गोष्ट भल्याभल्यांकडून राहून गेली आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी केलेल्या मृत्युपत्रात पारितोषिके कोणी द्यायची त्या संस्थांची नावे घातली, परंतु त्या संस्थांना आधी विचारले नव्हते, आणि संपत्ती सांभाळणारी संस्थाही तेव्हा अस्तित्वात नव्हती. १० डिसेंबर १८९६ रोजी ते वारले. नातेवाइकांनी हरकत घेतली, संस्थांनी वेळ घेतला, आणि पहिली पारितोषिके १९०१ मध्ये दिली गेली. त्यांच्यामागे अफाट संपत्ती होती आणि चिकाटीचे व्यवस्थापक होते म्हणून ते निभावले. शिवाजी पेठेतल्या एका घराला तेवढी सवड मिळत नाही. पाच वर्षे बंद राहिलेल्या घराचे छत खाली येते.

विक्रीची मुभा द्यायची ठरल्यावर वकिलांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. घर थेट संस्थेला दिले तर ते न्यासाचे स्थावर होते आणि मग विकताना आयुक्तांची परवानगी, जाहीर नोटीस, मूल्यांकन हा सगळा प्रवास संस्थेला करावा लागतो. त्याऐवजी घर विकण्याचा स्पष्ट अधिकार व्यवस्थापकाला देऊन येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असे लिहिले तर संस्थेच्या हाती पैसेच पडतात. व्यवस्थापक म्हणून आत्तीने मला नेमले नाही, तिच्या एका विद्यार्थिनीला नेमले, आणि ती नसेल तर दुसरे कोण हेही लिहिले. संस्था तोवर बंद पडली किंवा तिने नाकारले तर रक्कम कोणाला, हेही लिहिले. घराबरोबर ठेवींचा एक हिस्सा वेगळा काढून विक्री होईपर्यंतचा घरफाळा आणि डागडुजी त्यातून करावी, अशी तरतूद केली. करसवलतीचा विचार तिने केलाच नाही, आणि तसाही तो इथे गैरलागू होता, कारण ८०जी म्हणून सर्वांना ठाऊक असलेली वजावट पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूंच्या किंवा घराच्या दानाला मिळत नाही.

हेतूचे कलम लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. फार सैल लिहिणे धोक्याचे असते. 'धर्मासाठी' एवढेच म्हणून दिलेले दान अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरते, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १८९९ मध्ये मुंबई इलाख्यातल्याच एका प्रकरणात दिला होता. १९५० च्या अधिनियमाने त्याच्या १० व्या कलमात ती अडचण दूर केली आणि धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य अशा हेतूंनी केलेला सार्वजनिक न्यास केवळ तेवढ्याच कारणाने रद्द होणार नाही असे ठरवले, तरी कायदा वाचवतो म्हणून संदिग्ध लिहावे असे नाही. पण फार आवळून लिहिणेही तितकेच धोक्याचे आहे. मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी ५० रुपये, असे कोणी मोठ्या मनाने लिहून ठेवले असेल तर आज मॅट्रिकही नाही आणि ५० रुपयांत वहीसुद्धा धड येत नाही. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर त्याच्या जवळचा हेतू न्यायालयाकडून ठरवून घेण्याची वाट अधिनियमाच्या ५५ व्या कलमात आहे. पण त्यासाठी अर्ज करणारा कोणी तरी हवा. म्हणून आत्तीच्या मृत्युपत्रात रकमेचा आकडा नाही, परीक्षेचे नाव नाही; खेड्यातून आलेली, कोणत्याही जातिधर्माची, शिक्षण अर्धवट सुटण्याचा धोका असलेली मुलगी, एवढे वर्णन आहे आणि निवडीचा अधिकार संस्थेला आहे.

गावाकडच्या जमिनीतला तिचा हिस्सा मात्र या सगळ्यातून बाहेर राहिला. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही जन्मजात हिस्सा असतो आणि अविभक्त हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते, एवढ्यावर तिची तयारी झाली होती. परंतु शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाण्यास कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाचा अडसर आहे, आणि तो मृत्युपत्रालाही लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात म्हटले आहे. चार गुंठ्यांसाठी संस्थेला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावण्यापेक्षा "ती जमीन तुम्ही बघा," असे तिने आम्हाला सांगितले, आणि त्यात आमचा फायदा झाला हे मी नाकारत नाही.

हे सर्व हिंदूंच्या बाबतीत झाले. आमच्या आळीतल्या एका मुस्लिम स्नेह्यांनी आत्तीचे पाहून तसेच करायचे मनात आणले, तेव्हा त्यांना कळले की त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय वसीयत एकतृतीयांशापुरतीच करता येते. उरलेल्यासाठी त्यांना हयातीतल्या मार्गाचाच विचार करावा लागला. ख्रिस्ती माणसाने जवळचे नातेवाईक असताना धर्मादायासाठी मृत्युपत्र करायचे तर मृत्यूच्या किमान १२ महिने आधी ते केलेले असावे, अशी अट १९२५ च्या कायद्यात होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. म्हणून शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल करू नये.

घरात हे कळवायचे की नाही यावर मात्र वकील आणि आत्ती यांच्यात मतभेद झाला. गुप्त ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. तिने दिवाळीत सगळ्यांना बोलावून सांगून टाकले. "आत्ती, निदान खालचा मजला तरी..." असे माझा चुलतभाऊ बोलून गेला, त्यावर "तुमची घरं तुम्ही बांधलीसा, हे मी बांधलंय," एवढेच तिने उत्तर दिले आणि करंज्यांचे ताट पुढे सरकवले. मला तिचेच बरोबर वाटते. मृत्युपत्रावरचे बरेच दावे मिळकतीपेक्षा अपमानाचे असतात. आपल्याला कोणी विचारले नाही, हे माणसाला अधिक लागते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे भांडायला मुंबई गाठण्याचीही आता गरज उरलेली नाही.

संस्थेने स्वीकृतीचा ठराव करून त्याची प्रत दिली, ती मृत्युपत्राच्या नकलेबरोबर ठेवली आहे. एका गोष्टीवर मात्र संस्थेला आपला आग्रह सोडावा लागला. व्याजाची रक्कम दरवर्षी अनेक मुलींत थोडी थोडी वाटावी, म्हणजे अधिक जणींना लाभ होईल आणि समारंभही चांगला होतो, असे तिथल्यांचे म्हणणे होते. आत्तीने चाळीसभर वर्षे वर्गात काढलेली असल्यामुळे तिला वह्यापुस्तके मिळूनही दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुली आठवत होत्या. एकावेळी एक किंवा दोनच मुली घ्याव्यात, त्यांची फी, राहणे, जेवण आणि एसटीचा पास हे सगळे शिक्षण पूर्ण होईपर्यंत द्यावे, आणि एक बाहेर पडल्याशिवाय दुसरी घेऊ नये, असे तिने लिहवून घेतले. सत्कार समारंभाचा खर्च या निधीतून करू नये, हे वाक्य तिने मसुद्यात स्वतःच्या हाताने वाढवले.